एलातच्या डोंगरमाथ्यावरील वसंतकालीन शिकारी पक्षिगणना

आफ्रिकेत हिवाळा काढून यूरेशियातील वीणक्षेत्रांकडे परतणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी इझ्राएलच्या दक्षिण टोकावरील एलात शहराच्या पश्चिमेस असलेल्या डोंगरांवरून फेब्रुवारी ते मे या काळात केली जाते. त्यांपैकी योआश हे सु. ७३४ मी. उंचीचे शिखर ईजिप्तच्या सरहद्दीलगत असून तेथून सिनाईचे पठार आणि अकाबाच्या आखातापलीकडील जॉर्डन व सौदी अरेबियाचे डोंगर दृष्टिपथात येतात.

रुंद पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने प्रवास करतात. पाण्यावर असे प्रवाह फारसे निर्माण होत नसल्याने ते समुद्र टाळतात आणि तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाशी असलेल्या भूभागावर त्यांची गर्दी होते. मोजणी थवा गिरक्या घेत असताना न करता, तो प्रवाह सोडून पुढील प्रवाहाकडे सरळ रेषेत घसरू लागल्यावर करणे इष्ट असते. गिरकीत पक्षी एकमेकांआड जातात व तोच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो. मोठे थवे दहा-दहाच्या गटांनी मोजतात.

पद्धतशीर गणनेचा आरंभ सामान्यतः १९७७ च्या वसंतातील पाहणीपासून धरला जातो. त्यापूर्वीही येथील स्थलांतराची पक्षितज्ज्ञांना कल्पना होती. परंतु सबंध हंगाम व्यापणारी पाहणी म्हणून १९७७ हेच वर्ष ग्राह्य मानावे. १९८० च्या दशकातील आकडे आजही तुलनेसाठी वापरले जातात: १९८५ च्या वसंतात एकूण सु. १२ लाख शिकारी पक्षी मोजले गेले आणि त्यांत एकट्या युरोपीय मधुबाजांची (मोहोळघारींची) संख्या ८,५१,५९८ होती. १९८६ मध्ये स्टेपी बझर्ड या रुंद पंखांच्या शिकारी पक्ष्याची नोंद ४,६५,८२७ इतकी झाली. स्टेपी गरुड प्रामुख्याने हंगामाच्या पूर्वार्धात, बझर्ड मार्चच्या उत्तरार्धाच्या सुमारास, लेव्हान्ट स्पॅरोहॉक (शिक्र्यासारखा लहान शिकारी पक्षी) एप्रिलच्या अखेरीस आणि मधुबाज मेच्या प्रारंभी सर्वाधिक दिसतात.

स्टेपी गरुडाच्या मार्गाचा प्रश्न विशेष चर्चिला गेला आहे. हा गरुड भारतातही हिवाळी पाहुणा म्हणून येतो. एलात येथे १९८५ च्या वसंतात ७५,०५३ स्टेपी गरुड मोजले गेले. तर पक्षिनिरीक्षक जेफ व हिलरी वेल्च यांनी तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाशी, बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या जिबूतीकडील किनाऱ्यावर १९८७ च्या शरद ऋतूत ७६,५८६ मोजले. यावरून हा पक्षी शरदात दक्षिणेकडील सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेत शिरतो व वसंतात उत्तरेकडून सिनाईमार्गे परततो, असे वलयाकार स्थलांतराचे मत पुढे आले. दोन्ही आकडे निरनिराळ्या वर्षांचे असल्याने त्यांच्या जवळपास समान असण्याला स्वतंत्र पुरावा मानता येत नाही. तथापि पुढे उपग्रह-प्रेषक बसवलेल्या गरुडांच्या मार्गांनी या मतास पुष्टी दिली असून तेच अधिक ग्राह्य वाटते. याचा अर्थ सर्व स्टेपी गरुड हाच फेरा घेतात असा नव्हे. काही शरदातही एलातवरून जातात.

शिखरावर मोजलेला आकडा म्हणजे पक्ष्यांची एकूण संख्या नव्हे, ही मर्यादा गणनेच्या वाचकाने सतत ध्यानात ठेवली पाहिजे. वाऱ्याच्या दिशेनुसार थव्यांचा मार्ग पूर्वेस वा पश्चिमेस सरकतो आणि एकाच माथ्यावरचा निरीक्षक त्यातील बराच भाग गमावतो. भर दुपारी पक्षी इतके उंच चढतात की निरभ्र आकाशात दुर्बिणीलाही ते निसटतात. इझ्राएली पक्षितज्ज्ञ योसी लेशेम यांनी १९८० च्या दशकात मोटर-ग्लायडर व रडार यांच्या साहाय्याने थव्यांची उंची व वेग अभ्यासले. लढाऊ विमानांच्या पक्ष्यांशी होणाऱ्या टकरी टाळणे हा त्यामागील एक व्यावहारिक हेतू होता. गणनेच्या या मर्यादांमुळे एखाद्या वर्षीच्या घटीवरून जातीच्या ऱ्हासाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. अनेक वर्षांचा कल मात्र दुर्लक्षिता येत नाही. स्टेपी गरुडाची एलात येथील संख्या १९८० च्या दशकाच्या तुलनेत बरीच उतरली असून २०१५ पासून हा पक्षी धोक्यातील जातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त गणला जातो.

भोवत्या (हॅरिअर) व ससाणे पंख मारत, विस्तृत आघाडीवरून प्रवास करतात व समुद्रही ओलांडतात. त्यामुळे त्यांच्याबाबत ही गणना केवळ त्यांच्या उपस्थितीची नोंद ठरते.