हाताच्या अंतरावरचा आवाज

भाच्याने दोन वर्षं साठवलेल्या पैशांत वडिलांनी भर घातली आणि घरात प्लेस्टेशन ५ हे गेम खेळायचं कन्सोल आलं. दिवाणखान्यातला टीव्ही संध्याकाळी आजीच्या मालिकांसाठी राखलेला, म्हणून त्याने ते अभ्यासाच्या टेबलावरच्या २७ इंची मॉनिटरला जोडलं. चित्र झकास दिसलं. आवाजाचं मात्र काही खरं नव्हतं. "मामा, कोणीतरी पत्र्याच्या डब्यात बसून बोलतंय असं वाटतं," तो फोनवर म्हणाला. खोक्यावर '१२०० वॉट' छापलेला स्पीकरचा संच आणायला तो निघालाच होता. मी म्हटलं, थांब, मी येतो.

आधी तो पत्र्याचा डबा समजून घेऊ. मॉनिटरमध्ये स्पीकर असलेच तर ते साधारण दोन-दोन वॉटचे, अंगठ्याएवढ्या पडद्याचे (पडदा म्हणजे स्पीकरचा हवा ढकलणारा हलता भाग) असतात, आणि बऱ्याचदा पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आवाज म्हणजे हवेची ढकलाढकल. खर्जाचा आवाज काढायला हवा जास्त ढकलावी लागते, आणि हे 'जास्त' फार झपाट्याने वाढतं. कंपनसंख्या निम्मी केली, तर तेवढाच मोठा आवाज काढायला चौपट हवा हलवावी लागते. २०० हर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांवरून, ५० हर्ट्झवर उतरायचं तर सोळापट. अंगठ्याएवढा पडदा ते करणार कसा? स्फोट, इंजिनाची घरघर, पावलांचा दबका आवाज, सगळ्यांतला खालचा भाग गळून जातो आणि उरते ती वरची किणकिण. म्हणून स्पीकर निवडताना मी पहिल्यांदा पडद्याचा व्यास बघतो. दोन इंची पडद्यापेक्षा चार इंची पडद्याचं क्षेत्रफळ चौपट असतं. टेबलावर मावत असेल तर तीन ते चार इंची पडद्याची जोडी घ्यावी.

आता वॉट. त्या '१२००'च्या पुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' लिहिलेलं होतं. हा आकडा कसा मोजायचा याचं सर्वमान्य प्रमाण नाही. क्षणभरासाठी कल्पिलेली कमाल शक्ती, एवढाच त्याचा अर्थ. खरं सांगतो तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे सतत देता येणारी शक्ती. तोही छापलेला नसेल तर स्पीकरचा अडॅप्टर उलटा करून बघा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं असेल तर गुणाकार येतो २४ वॉट. अडॅप्टर सतत देऊ शकतो त्याहून जास्त शक्ती स्पीकर सतत बाहेर टाकू शकत नाही. हा हिशेब कुठल्याही दुकानात उभ्या उभ्या करता येतो, आणि तो सगळ्यांना माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

पण २४ वॉट तरी लागतात का? टेबलावर बसलेल्या माणसाचा कान स्पीकरपासून जेमतेम ६०-७० सेंटिमीटरवर असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो. सोफ्यावर बसून २४० सेंटिमीटरवरून ऐकायचं असेल तर ६० सेंटिमीटरच्या मानाने १२ डेसिबलची तूट येते आणि ती भरून काढायला सोळापट शक्ती लागते. खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून काहीसा कमी पडतो. तरी मुद्दा तोच राहतो. एका वॉटला एक मीटरवर ८५ डेसिबल देणारा साधा स्पीकर ६० सेंटिमीटरवर तेवढ्याच एका वॉटमध्ये सुमारे ८९ डेसिबल देतो. प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबल आठवड्याला फक्त पाच तास! हाताच्या अंतरावर कमी पडते ती शक्ती नव्हे.

मग आवाज कन्सोलमधून बाहेर काढायचा कुठून? प्लेस्टेशन ५ ला मागे ऑप्टिकल आउट, म्हणजे प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर काढायची जागा, नाही; एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस या कन्सोलनाही नाही. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच एचडीएमआय केबलमधून जातात. मॉनिटरला हेडफोनचं भोक असेल तर प्रश्न मिटला: आवाज मॉनिटरपर्यंत येतो आणि साडेतीन मिलिमीटरच्या पिनने स्पीकरला जातो. कन्सोलच्या सेटिंगमध्ये आवाज 'लिनियर पीसीएम'वर, म्हणजे न गुंडाळलेल्या रूपात, ठेवायचा, कारण डॉल्बी पद्धतीने गुंडाळलेला (दाबून लहान केलेला) आवाज उलगडणं मॉनिटरला सहसा येत नाही. मॉनिटरचा आवाज बराच वर ठेवून कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करावं. मॉनिटरची स्वतःची बारीक खरखर कायम तेवढीच असते. मूळ आवाज जोरात आला की ती त्याखाली दबते. मॉनिटरला भोकच नसेल तर एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी छोटी डबी मिळते, पण ४के चित्र आणि सेकंदाला १२० फ्रेम हवे असतील तर ती डबी तेवढं पुढे जाऊ देते का हे विचारून घ्यावं. प्लेस्टेशनला बरेचसे यूएसबी स्पीकर थेट चालतात, एक्सबॉक्सला मात्र साधे यूएसबी स्पीकर चालत नाहीत.

ब्लूटूथ नकोच. एक तर ही दोन्ही कन्सोल साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज देत नाहीत. आणि मधे काही जोडून दिला, तरी आवाज गुंडाळायला आणि उलगडायला सहज २०० मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून ६८ मीटर जातो; म्हणजे स्पीकर टेबलावर असूनही गल्लीच्या टोकाला ठेवल्यासारखा. नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटत असेल तर कपडा दगडावर आधी आपटताना दिसतो, आवाज मागून येतो. अशा मागाहून येणाऱ्या आवाजाची मेंदूला सवय आहे, म्हणून सिनेमा बघताना थोडा उशीर आपण खपवून घेतो. गेममध्ये मात्र बटण आपण स्वतः दाबलेलं असतं. तिथे बोटाला उशीर कळतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं कसं? डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान आहेत आणि अगदी बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. सराव असलेल्या कानाला तर सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकही जाणवतो. हा खेळ दोन स्पीकरनी रचता येतो हे ओळखून ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. चित्रपटगृहात नट स्क्रीनच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं होतं, असं सांगतात.

टेबलावर हा खेळ फार सुंदर जमतो, सोफ्यापेक्षाही. २७ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले की त्यांच्यात ७० ते ७५ सेंटिमीटर अंतर पडतं आणि आपणही तेवढ्याच अंतरावर बसलेले असतो. समभुज त्रिकोण आपोआप तयार! मॉनिटरखाली ठेवायचा साउंडबार मला इथे म्हणूनच पटत नाही; त्याची दोन तोंडं जवळजवळ असल्याने डावं-उजवं आक्रसून जातं. पाठीमागून आलेल्या पावलांचा आभास हवा असेल तर हेडफोनच घालावा. स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानातही शिरतो आणि तो आभास विस्कटतो.

त्रिकोणाचं एक मोठं पथ्य आहे: दोन्ही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर हवेत. डावा स्पीकर १० सेंटिमीटर जवळ आला तर त्याचा आवाज ०.३ मिलिसेकंद आधी पोचतो आणि मधोमध बोलणारं पात्र डावीकडे सरकतं. फरक एका मिलिसेकंदावर गेला की सगळा आवाज जवळच्या स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं.

दुसरं पथ्य उंचीचं. स्पीकर थेट टेबलावर ठेवला तर थोडा आवाज सरळ कानात जातो आणि थोडा टेबलावर आपटून येतो. भाच्याच्या टेबलावर मी मोजलं तर दुसरा रस्ता सुमारे १७ सेंटिमीटरने लांब भरला. ज्या आवाजाची तरंगलांबी याच्या दुप्पट, म्हणजे १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज, त्याचे चढ-उतार इथे एकमेकांविरुद्ध येतात आणि तो बराचसा खाल्ला जातो. माणसाचं बोलणं नेमकं त्या पट्ट्यात. आम्ही प्रत्येक स्पीकरखाली कापडात गुंडाळलेल्या विटा ठेवल्या आणि तोंड किंचित वर, कानाच्या दिशेने केलं. संवाद लगेच स्वच्छ झाले.

जोडणी झाल्यावर खालून बारीक 'घूं' ऐकू येत होतं. हा घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा आवाज आणि त्याच्या पटी. कन्सोल, मॉनिटर, स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणी लावले आणि अर्थिंगच्या तारांचं वेटोळं तयार झालं की तो शिरतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणलं आणि तो थांबला. नसता थांबला तर ऑडिओच्या वायरमध्ये लावायचा छोटा आयसोलेटर (तारांचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी) आणला असता. अर्थिंगची जाड पिन काढून टाकायचा सल्ला काही जण देतात, तो कधीही ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

शेवटी तपासणी. मी गेममधला एक संवाद लावला आणि भाच्याला विचारलं, आवाज कुठून येतोय? "मधोमध," तो म्हणाला. मी म्हटलं, डोळे मिट. रामदास पाध्ये अर्धवटरावाला बोलतं करतात तेव्हा आवाज खुद्द पाध्यांचा असतो, पण बाहुल्याचे ओठ हलतात म्हणून आपल्याला तो बाहुल्याच्या तोंडून येताना दिसतो. डोळा कानाला आपल्याकडे ओढतो. स्क्रीनवर ओठ हलत असताना चूक सापडत नाही. त्याने डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि बोट दाखवलं: मध्यापासून चार बोटं डावीकडे. डावा स्पीकर थोडा मागे सरकवला. पुन्हा ऐकलं. आणखी थोडा. तिसऱ्या खेपेला बोट बरोबर मॉनिटरच्या मध्यावर आलं, तेव्हा आम्ही विटांभोवती टेबलावर पेन्सिलीने खुणा केल्या.