कंबर 'कट्' वाजते तेव्हा

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत होती आणि काही ठिकाणी ती अजूनही टिकून आहे. शहरात तीच कंबर घेऊन माणूस फिजिओथेरपिस्टकडे किंवा मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे जातो. तेथे त्याला कुशीवर झोपवतात, वरच्या पायाचा गुडघा वाकवून पोटाकडे घेतात, एका हाताने खांदा मागे धरून दुसऱ्या हाताने कंबर पुढच्या बाजूला वळवत नेतात आणि ती आणखी वळेनाशी झाली की नेमक्या त्या टोकावर एक आखूड, वेगवान झटका देतात. या झटक्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही पुरेसा होतो. 'कट्' असा आवाज येतो आणि उठून उभा राहिलेला रुग्ण पुष्कळदा सांगतो की कंबर मोकळी झाली.

हा मोकळेपणा खरा असतो; मात्र सरकलेले हाड जागेवर बसल्यामुळे तो येतो, हे स्पष्टीकरण खरे नाही. मणके चकत्यांनी आणि बळकट अस्थिबंधांनी एकमेकांशी इतके घट्ट जोडलेले असतात की रोजच्या हालचालीत ते जागा सोडत नाहीत आणि हाताच्या झटक्याने परत बसवावेही लागत नाहीत. आवाजाचे मूळ सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात आहे. सांध्याचे पृष्ठभाग एकाएकी दूर ओढले गेले की तेथील दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते; २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोटाचा सांधा ओढून वाजवताना एमआरआय यंत्रात ही पोकळी तयार होताना पाहिली. कॅनडातच २००४ साली झालेल्या एका अभ्यासात कंबरेला झटका दिल्यावर आवाज नेमका कोठून येतो हे मोजले गेले, तेव्हा तो ठरवलेल्या जागेपासून सरासरी पाचेक सेंटिमीटर दूर निघाला, म्हणजे बहुधा शेजारच्याच एखाद्या मणक्यापाशी. मग जे बदलते ते हाडांत नाही तर कोठे, याचा शोध घेताना पाठीची जाणीव मेंदूला कशी होते, याकडे वळावे लागते.

डोळे मिटले तरी आपली कंबर ताठ आहे की वाकलेली, हे आपल्याला कळते. शरीराची ही आतली जाण प्रोप्रिओसेप्शन या नावाने ओळखली जाते आणि हे नाव ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या सुमारास रूढ केले. स्नायूंमध्ये मसल स्पिंडल नावाची सूक्ष्म संवेदनेंद्रिये असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, याची खबर ती सतत वर पाठवतात. कंबरेत हे काम मुख्यतः मणक्यांना बिलगून असलेला मल्टिफिडस हा स्नायू करतो. बेल्जियममधील सिमोन ब्रुमान्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या स्नायूवर कंपन देऊन पाहिले. निरोगी माणसांना कंबर आधी दाखवलेल्या स्थितीत परत आणायला सांगितले, तेव्हा कंपनामुळे त्यांची लक्षणीय चूक होऊ लागली, कारण स्पिंडलकडून खोटी खबर जात होती. कंबरदुखीचे रुग्ण कंपनाशिवायही जास्त चुकत होते आणि कंपनाने त्यांची तशी फसगत झाली नाही. त्यांच्या मेंदूने या खबरीवर विसंबणेच कमी केले असावे, असे मला यावरून वाटते.

ऑस्ट्रेलियाचे लॉरिमर मोझली यांनी २००८ साली मांडलेले निरीक्षण तर मला फार बोलके वाटते. दीर्घकाळ पाठ दुखणाऱ्या सहा रुग्णांना त्यांनी आपली पाठ जशी जाणवते तशी कागदावर काढायला सांगितली. दुखऱ्या भागाशी येताच बाह्यरेषा तुटत गेली, कारण तेथली पाठ त्यांना सापडतच नव्हती. त्याच भागात त्वचेवर एकमेकांजवळ टेकवलेली दोन टोके वेगळी ओळखणेही त्यांना अवघड जात होते. (बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोके वेगळी कळतात, पाठीवर मात्र निरोगी माणसालाही ती कित्येक पटींनी दूर असावी लागतात.) अशा रुग्णांसाठी ऑस्ट्रेलियातच २०१४ साली तयार झालेल्या नऊ विधानांच्या प्रश्नावलीत तर पाठ आपल्या शरीराचा भागच नाही असे वाटते का, असेही विचारलेले आहे. कंबरदुखीने वर्षानुवर्षे त्रासलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही.

झटक्याने ही हरवलेली पाठ परत सापडते का? तशी आशा बाळगायला आधार आहे. अमेरिकेत जोएल पिकर यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या मणक्यांवर मोजून दाब दिला, तेव्हा दाब संथपणे दिल्यास मल्टिफिडसच्या स्पिंडलमधून साधारण संदेश जात, पण तोच दाब सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास दिल्यास संदेशांचा अक्षरशः लोट उठे. माणसांवरचे निष्कर्ष मात्र इतके उत्साहवर्धक नाहीत. दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्या, पण त्या वेळी फारसे दुखत नसलेल्या लोकांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात झटक्यानंतर धडाची स्थिती ओळखण्यात लगेच नगण्यच फरक आढळला. दुखण्यापुरते पाहिले, तर ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील २०१९ च्या आढाव्यात ४७ चाचण्यांतल्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा विचार करून हा उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचा ठरला, त्यांच्याहून सरस नव्हे. आणि जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा पायातली ताकद जाणे यांपैकी काहीही असेल, तर कोणाकडूनही झटका न घेता थेट रुग्णालय गाठायला हवे.

म्हणून मला वाटते की झटक्याने दुखणे आणि वाकण्याची भीती काही काळ कमी होते, आणि पाठीची खरी ओळख त्या काळात माणूस स्वतः जे करतो त्यातून परतते. 'हाड सरकले होते' असे ऐकून घरी गेलेला माणूस उलट कंबर आखडून धरतो, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. मोझली यांच्याच २००८ मधील दुसऱ्या एका प्रयोगात हातापायांच्या दीर्घ वेदनेच्या रुग्णांना नुसता स्पर्श करून काही साधले नाही. स्पर्श कोठे झाला आणि स्पर्श करणारे टोक जाड होते की बारीक, हे त्यांना ओळखायला लावले तेव्हा वेदना कमी झाली. पाठीसाठी काही फिजिओथेरपिस्ट याच धर्तीचा सराव देतात. पाठीच्या चित्रावर क्रमांकांचे ठिपके असतात, घरचे कोणी पेनाच्या टोपणाने पाठीवर त्यांतल्या एका जागी हलकेच टेकवते आणि रुग्ण चित्राकडे पाहत क्रमांक सांगतो.