सूडपटातील प्रेमकथा

सूडपटातील प्रेमकथा : सूडावर उभा असलेला, उघड हिंसेचा चित्रपट प्रेमकथा म्हणून आस्वादण्याची रीत. ठाण्याच्या मराठी बोलण्यात असा चित्रपट एरवी ‘मारधाडीचा’ म्हणून बाजूला पडतो. प्रियजनाच्या हत्येचा बदला घेणारा नेहमीचा नायक येथे अभिप्रेत नाही. तेथे प्रेम निमित्तापुरते असते. ज्याच्यावर सूड उगवायचा तोच प्रिय असणे, किंवा सूड हीच प्रेमाची कृती ठरणे, हे या प्रकाराचे लक्षण होय.

दुसऱ्या लक्षणाचे जुने उदाहरण म्हणून भट्टनारायणाच्या वेणीसंहार या सहा अंकी संस्कृत नाटकाकडे बोट दाखविता येते. आदिशूर राजाने कनौजहून बंगालमध्ये आणलेल्या पाच ब्राह्मणांपैकी भट्टनारायण हा एक, अशी परंपरा आहे. परंतु आदिशूराचे ऐतिहासिकत्वच वादग्रस्त असल्याने तीवर कालनिर्णय उभारणे धोक्याचे आहे. वामन (सु. ८००) आणि आनंदवर्धन (नववे शतक) हे काव्यशास्त्रकार या नाटकातील अवतरणे देतात, त्यामुळे ते आठव्या शतकानंतरचे नसावे, हे मत अधिक सुरक्षित वाटते. नाटकाचा नायक भीम, युधिष्ठिर की दुर्योधन, यावरही एकमत नाही. दुसऱ्या अंकातील दुर्योधन आणि त्याची पत्नी भानुमती यांचा शृंगार मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्रग्रंथात अस्थानी विस्तार म्हणून दोषात काढला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र नाटकातील खरा शृंगार त्या अंकात नसून, दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीम द्रौपदीची वेणी बांधतो तेथे आहे.

शृंगार आणि रौद्र हे परस्परविरोधी रस होत, असे विश्वनाथाच्या साहित्यदर्पण या काव्यशास्त्रग्रंथात (चौदावे शतक) सांगितले आहे. मम्मटाचा काव्यप्रकाश मात्र अपवाद मान्य करतो : विरोधी रस आठवणीच्या रूपाने आला किंवा प्रधान रसाचे अंग बनला, तर दोष राहत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण महाभारताच्या स्त्रीपर्वातील आहे. रणभूमीवर भूरिश्रव्याचा तुटलेला हात पाहून त्याची पत्नी त्याच हाताच्या प्रणयस्पर्शांची आठवण काढते आणि शृंगाराने तिचा शोक अधिकच तीव्र होतो.

पहिले लक्षण क्वेंटिन टॅरेंटिनोच्या ‘किल बिल’ या दोन भागांतील (२००३, २००४) चित्रपटात स्पष्ट दिसते. गर्भवती नायिका प्रियकराला सोडून जाते. विवाहाच्या तालमीच्या वेळी तो तिच्या डोक्यात गोळी घालतो. चार वर्षे बेशुद्धीत काढून ती एकेकाचा हिशेब चुकता करत त्याच्यापर्यंत पोहोचते. रती (प्रेमभाव) आणि क्रोध यांचा आश्रय, म्हणजे भाव ज्याच्या मनात असतो ती व्यक्ती, एक; आलंबन, म्हणजे भाव ज्याच्याविषयी असतो ती व्यक्ती, तेही एकच. रसशास्त्राला हीच रचना सर्वांत अवघड. कथा दहा प्रकरणांत, कालक्रम मोडून सांगितल्याने प्रेमाचा बराचसा भाग पूर्ववृत्त म्हणून येतो, आणि काव्यप्रकाशाचा अपवाद येथे, दिग्दर्शकाच्या मनात नसतानाही, लागू पडतो. शेवटच्या भेटीत दोघे शांतपणे बोलतात. तिच्या प्रहारानंतर तो पाच पावले चालतो आणि कोसळतो.

मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनात (१९७८) नाटके पाहत वाढलेला ठाणेकर प्रेक्षक बहुपडदा चित्रपटगृहातही जातो, आणि रौद्र-करुणाची भाषा त्याला परकी नाही. सूडपटाला प्रेमकथा म्हणण्यास त्याची हरकत असते ती बहुधा रक्तपाताच्या प्रमाणामुळे, तत्त्वामुळे नव्हे. ‘किल बिल’बाबत प्रश्न उरतो तो अखेरच्या सकाळचा : न्हाणीघराच्या फरशीवर पडून नायिका हसते आणि रडतेही. ही केवळ सुटका मानली तर हसण्याचा अर्थ लागतो, रडण्याचा पुरता लागत नाही.