संचायक घटमालेची परीक्षा
मोटारीतून काढलेली शिसे-अम्ल संचायक घटमाला (बोलीत ‘बॅटरी’) घरगुती विद्युत् प्रयोगांना कितपत उपयोगी पडेल, हे ठरविण्याची रीत.

संचायकाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः गास्ताँ प्लांते (१८५९) यांना देतात. शिशाच्या पत्र्यांत विद्युत् साठते, असे सिनस्टेडेन यांनी १८५४ च्या सुमारास नोंदविले होते. तथापि पुनःपुन्हा भारता (चार्ज करता) येणारा घट प्लांते यांनीच घडविला, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची कामीय फॉर यांची पद्धत १८८१ ची. घट उतरताना (डिस्चार्ज होताना) त्याच्या दोन्ही पट्टिकांवर (प्लेटांवर) लेड सल्फेट बनते, हा ग्लॅडस्टन व ट्राइब यांचा सिद्धांत (१८८२) आज सर्वमान्य आहे. यात अम्ल खर्ची पडते व द्रवाची घनता घटते. गॅरेजमधील ‘ग्रॅव्हिटी’ मोजण्याचा आधार हाच.

पूर्ण भारित घटात द्रवाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) सुमारे १.२६५ ते १.२८०, तर उतरलेल्या घटात १.१२ च्या आसपास असते. हे मूल्य २७° से. ला धरतात, त्यावरील दर अंशामागे सुमारे ०.०००७ मिळवावे लागतात. बडोद्यात मे महिन्यात द्रव ४२° से. असताना हायड्रोमीटरने (द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजणाऱ्या उपकरणाने) १.२५० दाखविले, तर खरे मूल्य १.२६० होय. ही दुरुस्ती विसरल्याने चांगली बॅटरीही उतरलेली समजली जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीतील सहा घटांपैकी एखाद्याचे गुरुत्व इतरांहून ०.०५० ने कमी भरल्यास तो घट बिघडला असे मानतात.

केवळ व्होल्टमीटरवर विसंबू नये. भारणानंतर काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, पण पट्टिका झिजलेली बॅटरीही तेवढेच दाखवू शकते. १०.५ च्या जवळपासचे वाचन बहुधा एक घट आतून जुळल्याचे (शॉर्ट झाल्याचे) लक्षण असते.

धारितेची (बॅटरीत किती विद्युत् साठते याची) परीक्षा दिव्याने होते. इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा सुमारे १.७५ अँपिअर घेतो; ३५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरण्यास त्यावर सुमारे २० तास लागतात. १० तासांत उतरल्यास धारिता निम्मी उरली. मोटार सुरू करण्यास निकामी ठरलेली अशी बॅटरी लहान प्रयोगांना पुरते. मात्र दोन्ही अग्रे (टर्मिनल) एकमेकांना जुळल्यास शेकडो अँपिअर वाहतात, म्हणून धन अग्रालगतच फ्यूज घालावा. भारताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा हवेशीर हवी.

बंद (सीलबंद) बॅटरीत हायड्रोमीटर घालता येत नाही. तिथे विसावलेला व्होल्टेज आणि दिवा ही दोनच साधने उरतात.