ध्यान आणि अटेन्शन ट्रेनिंग: नैराश्यात दोन्ही एक नव्हेत

नैराश्याने खचलेल्या माणसाला घरचे हमखास सांगतात, ‘जरा ध्यान कर, बरं वाटेल.’ मराठीत ‘ध्यान’ म्हणजे लक्षही, त्यामुळे अटेन्शन ट्रेनिंग, म्हणजे लक्ष हवं तिकडे वळवण्याचा सराव, हेही ध्यानच असं सहज वाटतं. तसं नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी १९९० साली अटेन्शन ट्रेनिंगची पद्धत मांडली. नैराश्यात माणूस त्याच त्या विचारांचं रवंथ करत राहतो आणि लक्ष स्वतःवरच खिळतं. म्हणून इथे श्वासाकडे किंवा शरीराकडे बघायचंच नाही, कान बाहेर लावायचे. डोळे उघडे, नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. आधी पाचेक मिनिटं एकेकच आवाज धरायचा: पंख्याची घरघर, मग लांबची रिक्षा, मग शेजारच्या कुकरची शिट्टी. पुढची पाचेक मिनिटं भराभर एकावरून दुसऱ्यावर उडी. शेवटची दोन मिनिटं सगळे आवाज एकदम. मध्येच ‘माझं काही खरं नाही’ असा विचार आला तर? तो हाकलायचा नाही. तोही पंख्यासारखाच एक आवाज. आपण पुन्हा रिक्षाकडे.

यातून शांत वाटलं नाही तरी बिघडत नाही, कारण शांत वाटणं हा हेतूच नाही. लक्ष कुठे न्यायचं हे आपल्या हातात आहे, याचा अनुभव यावा एवढ्यासाठी हे रोज करायचं. मन भरून आलं की लगेच पळवाट म्हणून हे वापरू नये. मला हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच निसटतो.

सजगतेच्या ध्यानात (माइंडफुलनेस) उलट श्वासाशी थांबायचं, मनात जे उमटेल ते न झटकता पाहायचं. त्यावर बेतलेला आठ आठवड्यांचा उपचार मुळात नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून तयार झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना त्याचा फायदा झाला; दोनदाच आलेल्यांना नाही. नैराश्यावर अटेन्शन ट्रेनिंगचा सुरुवातीचा अभ्यास त्याच वर्षीचा, पण रुग्ण चारच. सुधारणा दिसली, तरी तेवढ्यावर हुरळून जाऊ नये.

ऐन नैराश्यात कुणी दहा दिवसांच्या मौन शिबिराला निघालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर दोन्ही सराव बाजूला ठेवून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आत्ताच लावा, तिथे मराठीतही बोलता येतं.