ग-व-त आणि गवत

"मराठी वाचायला काय लागतं? जसं बोलतो तसंच लिहितो. बाराखडी आली की झालं!" हे वाक्य मी इतक्या पालकांकडून, आणि काही शिक्षकांकडूनही, ऐकलंय की आता त्यावर लिहिणं भाग आहे. ते खरं नाही. ते खरं धरल्यामुळे वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आळशी ठरवून आपण मोकळे होतो.

माझी सहा वर्षांची भाची परवा 'गवत' हा शब्द वाचत होती. एकेका अक्षराखाली बोट सरकवत तिने ग… व… त… म्हटलं, प्रत्येक अक्षर ठासून, शेवटचा 'अ' लांबवून. तिन्ही अक्षरं बरोबर, पण चेहरा कोरा. पुन्हा एकदा, जरा घाईने. आणि मग एकदम, "हां, गवत!"

कोरा चेहरा आणि "हां" यांच्यामध्ये जे घडलं, तेच वाचन. बोलताना आपण 'गवत'मधल्या 'त'चा पाय मोडतो: 'गवत्'. 'गवतात' म्हणताना त्याच 'त'ला काना मिळतो आणि पाय मोडायची पाळी 'व'वर येते: 'गव्तात्'. कागदावर 'व' जसाच्या तसा असतो, कुठे काही खूण नसते. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च लिहायला एकच, उच्चारायला दोन. 'जग' हा शब्द तर दुनिया या अर्थी एक 'ज' घेतो आणि 'जगणे'चं आज्ञार्थी रूप म्हणून दुसराच. कुठला उच्चार करायचा, हे अक्षर सांगत नाही. ते मुलाच्या कानात आधीपासून असावं लागतं. अक्षरं जुळवून निघालेला आवाज थोडा वाकडा असला, तरी ओळखीचा शब्द त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि सरळ करतो. शब्द कधी ऐकलेलाच नसेल, तर ग-व-त हे ग-व-तच राहतं.

डेव्हिड शेअर या संशोधकाने 1995 मध्ये यावरून एक सुंदर कल्पना मांडली: मूल स्वतःच स्वतःला वाचायला शिकवतं. अक्षरांवरून आवाज काढून शब्द ओळखला, की त्या प्रत्येक यशस्वी प्रयत्नात त्या शब्दाची अक्षरं, त्याचा आवाज आणि अर्थ यांची गाठ बसते. अशी गाठ काही वेळा बसली की पुढे तो शब्द दिसताक्षणी कळतो, जुळवावा लागत नाही. म्हणजे सराईत वाचक शब्दाचं चित्र पाठ करत नाही. त्याच्या डोक्यात अक्षर न् अक्षर आवाजाला बांधलेलं असतं.

या गाठीसाठी आधी बोललेला शब्द सुटा करता यावा लागतो. 'पाऊस'मधला 'पा' काढला तर काय उरेल? 'ऊस' हे उत्तर देणाऱ्या मुलाला आवाज वेगळे ऐकू येतात. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 1983 मध्ये सुमारे 400 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना यमकं आणि सारख्या आवाजांचे शब्द ओळखता येत नव्हते, ती मुलं पुढे वाचनातही मागे पडण्याचा संभव जास्त होता. आवाजांचा सराव अक्षरांसोबत दिलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला.

मेंदूतही या गाठीला जागा करावी लागते. लेखनाला जेमतेम 5000 वर्षं झाली, वाचनासाठी वेगळा अवयव घडायला हा काळ फारच थोडा. स्तानिस्लास दहान यांच्या गटाने 2010 मध्ये 63 प्रौढांचे मेंदू तपासले: काही निरक्षर, काही मोठेपणी शिकलेले, बाकीचे लहानपणी शाळेत गेलेले. वाचता येणाऱ्यांत मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खाली, एक भाग लिखित शब्दांना जोरात प्रतिसाद देत होता. चेहरे आणि वस्तू ओळखणारी दृष्टीची यंत्रणाच तिथे नव्या कामाला जुंपली जाते. या यंत्रणेला डावं-उजवं सारखंच वाटतं, कारण कप कुठूनही पाहिला तरी कपच असतो. म्हणून सुरुवातीला मुलं अक्षरं उलटी काढतात. तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन शिकण्यातल्या मूळच्या अडचणीचा, शिक्का मारू नये.

लिपीचाही वाटा मोठा आहे. फिनिशमध्ये अक्षर आणि आवाज यांची जोडी जवळजवळ ठरलेली, इंग्रजीत ती सारखी बदलते. 2003 च्या एका युरोपीय तुलनेत पहिलीच्या अखेरीस फिनिश मुलं ओळखीचे शब्द 98 टक्के अचूक वाचत होती, इंग्रजी वाचायला शिकणारी स्कॉटिश मुलं 34 टक्के. आपल्यासारख्या लिप्यांत अडचण वेगळी, चिन्हंच शेकड्यांनी. सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या अभ्यासात अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागताना दिसला. जोडाक्षरांत अडकलेलं दुसरीतलं मूल मागे पडलेलं नसतं, वाटेत असतं.

गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये हे सगळं एका गुणाकारात बसवलं: वाचन म्हणजे अक्षरं फोडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. आणि भाषा समजण्यात विषयाची माहितीही येते. 1988 च्या एका प्रयोगात 64 विद्यार्थ्यांना बेसबॉलवरचा उतारा दिला. वाचनात कच्चे पण खेळ जाणणारे विद्यार्थी तो उतारा समजण्यात, वाचनात पक्के पण खेळ न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरले.

हे समजून घेतलं की 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मध्यमेंदू 'जागृत' करून मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या वर्गांच्या, नावाने चाललेली लूट जास्तच संतापजनक वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. मध्यमेंदू बुबुळांच्या हालचालींसारखी कामं करतो, वाचन 'जागृत' करण्याचं बटण तिथे नाही. त्या फीच्या बदल्यात मूल एवढंच शिकतं की मोठ्यांना फसवलं की ते टाळ्या वाजवतात.

भाचीला मी रोज झोपताना वाचून दाखवतो. काल तिने पुस्तक माझ्याकडून ओढून घेतलं. 'पाणी दिलं की रोप जगतं.' तिने आधी 'जीवन'मधला ज वापरला, थांबली, रोपाच्या चित्राकडे पाहिलं आणि 'जवळ'मधला ज लावून वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मी काहीच बोललो नव्हतो.