चेटकीण जिवंत की मेलेली? भयपटातल्या जुन्या शापाची पार्श्वभूमी

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात. चित्रपट काल्पनिक आहे, अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचा कुणाचाही हेतू नाही. पाटी पुरती वाचून होत नाही तोच कुठल्याशा वाड्याचा दिंडी दरवाजा करकरतो आणि पुढचे दोन तास खतपाणी रीतसर सुरू राहते. पुण्यातल्या थिएटरात या पाटीला हमखास कुणीतरी हसतो. निव्वळ सवयीने लावतात, असे त्याला वाटत असावे. ते अर्धेच खरे आहे. पाटीमागे बरीच वर्षे चाललेले भांडण आहे आणि त्यातला सगळ्यात काळा दिवस याच शहराने पाहिला.

त्या भांडणाकडे जाण्याआधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा, कारण खरी मेख तिथेच आहे. चेटकीण आणि शाप अशी कथा मराठीत लिहायला घेतली की लेखकापुढे पाच-सहा जणी उभ्या राहतात: चेटकीण, हडळ, डाकीण, जखीण, लावसट, अळवंतीण. पडद्यावर त्या एकमेकींचे कपडे घालून वावरतात. उलटे पाय हडळीचे, झाडू परदेशी चेटकिणीचा, पांढरी साडी जुन्या हिंदी पडद्याची, आणि पोस्टरवर नाव भलतीचेच. हिंदीतला 'डायन' मराठीत आणताना तर कोण कुठला शब्द वापरेल याचा नेम नसतो.

चेटूक ही विद्या मानली जाते. संस्कृतात चेट म्हणजे चाकर, आणि चेटूक या शब्दाचे नाते तिथे जोडतात. म्हणजे कुणाला तरी ताब्यात ठेवून राबवून घेण्याची कल्पना त्यात आहे. ती विद्या जिला येते असे लोक म्हणतात ती चेटकीण. ती जिवंत असते. तिला घर असते, शेजारी असतात, रेशनकार्डावर तिचे नाव असते. हडळ मात्र मेलेली. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या विटाळाच्या दिवसांत गेलेली बाई हडळ होते, ही समजूत. अळवंतीणही त्याच वाटेवरची. जखीण म्हणजे मुळातली यक्षिणी. देवळाच्या खांबावर ती सुंदर दिसते, गावाच्या वेशीवर पोचेपर्यंत भेसूर होते. डाकिणीचा प्रवास सगळ्यांत विचित्र. बौद्ध तंत्रमार्गात डाकिनी पूज्य आहे आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात 'डाकीण' हा एखाद्या बाईचे आयुष्य उद्ध्वस्त करणारा आरोप आहे. नाशिक, पालघरकडे त्याच आरोपाला भुताळी म्हणतात.

आता हा फरक म्हणजे शब्दकोशवाल्यांची हौस नाही. हडळीची गोष्ट सांगितल्याने कुणाला घर सोडावे लागत नाही, कारण ती मेलेली आहे आणि चिंचेवर राहते. चेटकीण ठरवायला जिवंत बाई लागते. बहुधा एकटी, विधवा, मूल नसलेली, कधी नावावर जमिनीचा तुकडा असलेली. कुणाचे पोर तापाने फणफणते, कुणाची म्हैस आटते, आणि बोट तिच्याकडे जाते. भयपटाचा लेखक या दोघींना एक करतो तेव्हा त्याला हडळीची भीती हवी असते आणि चेटकिणीचा सूड. एकीकडून उलटे पाय आणि दुसरीकडून गाऱ्हाणे उचलले की कथा तयार.

मराठी घरात वाढलेल्या माणसाची आणखी एक अडचण आहे. त्याची पहिली चेटकीण बहुधा भयपटातली नसतेच. 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण एका पुरुष नटाने अशी रंगवली की पोरे घाबरण्याऐवजी तिच्या एंट्रीची वाट बघू लागली. २०१८ मध्ये ते नाटक नव्या संचात आले तेव्हाही साडीत पुरुषच होता. त्यामुळे 'चेटकीण' म्हटले की आपल्याकडे निम्म्या प्रेक्षागृहाला हसू फुटते. दिग्दर्शक 'हडळ' किंवा 'डाकीण'कडे वळतात त्याचे एक कारण हेही असावे, असा माझा कयास आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. पेशवाईच्या कागदांत चेटूक करणे, भुते घालणे हे गुन्हे म्हणून येतात, विशेषतः कोकणातून. विसाव्या शतकाच्या आरंभी पेशव्यांच्या रोजनिश्या निवडून छापल्या गेल्या, त्यांत अशा तक्रारी आणि शिक्षा दोन्ही आहेत. म्हणजे चेटूक करणाऱ्याला शोधून दंड करणारे सरकार पुण्यातच बसत होते. ही गोष्ट भयपटांत कधी येत नाही. तिथे मांत्रिक असतो, सावकार असतो, पण हुकमावर शिक्का मारणारा कारकून नसतो.

भयपटांना शनिवारवाडा मात्र हवाहवासा वाटतो. ३० ऑगस्ट १७७३ ला तिथे अठरा वर्षांच्या पेशव्याचा गारद्यांनी खून केला आणि 'काका, मला वाचवा' ही हाक पुण्याच्या डोक्यात कायमची बसली. माझी आजी कसब्यात वाढली. अमावास्येला वाड्याच्या मागच्या अंगाने जायचे नाही, असे ती सांगे. का, असे विचारले तर म्हणे, 'तुला ऐकू आलं तर काय करशील?' पण खऱ्या अर्थाने चेटकीण बनवली गेली ती त्या पेशव्याची काकू. 'धरावे'चे 'मारावे' तिने केले, ध चा मा केला, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही पाठ असते. तो खाडाखोड केलेला कागद कुणी दाखवलेला नाही. चौकशीत न्यायाधीशांनी बोट ठेवले ते काकावर. तरी अडीचशे वर्षे शिव्या खाते आहे ती बाईच, आणि यासाठी कुणाला मंत्रतंत्राचीही गरज पडली नाही.

चित्रपटापुरते बोलायचे तर पुण्याची सुरुवात उलट्या बाजूने झाली. कोल्हापूरची प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली आणि इथला तिचा पहिला चित्रपट, १९३४ चा 'अमृतमंथन', देवीपुढच्या नरबळी आणि पशुबळीच्या विरोधातला होता. राजगुरूच्या एका डोळ्याने सगळा पडदा व्यापून टाकणारे दृश्य आजही अंगावर येते. म्हणजे भीती होतीच, पण ती बळी मागणाऱ्याची होती. बळी गेलेल्या बाईला भूत करून लोकांच्या मागे लावायची युक्ती त्यात नव्हती. त्याच स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट शिकवणारी संस्था आली.

पडद्यावरचा घराण्याचा शाप फोफावला तो नंतर, हिंदीत, ऐंशीच्या दशकात. १९८४ च्या एका गाजलेल्या भयपटात मरता मरता सैतान राजघराण्याला शाप देतो: या कुळातल्या बायका बाळंतपणात मरतील. शाप देणारा पुरुष, फेडणाऱ्या बायका. पुढच्या कित्येक चित्रपटांनी हवेली, तळघर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप हा साचा तसाच उचलला. मराठीत आल्यावर हवेलीचा वाडा झाला. पुण्यातले वाडे एक तर १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले किंवा बिल्डरच्या हाती लागले, त्यामुळे चित्रीकरणाला युनिट अनेकदा वाई-मेणवलीला जाते आणि पडद्यावर कृष्णेचा घाट मुठेचा म्हणून खपून जातो.

आता कायदा. जादूटोण्याविरोधात महाराष्ट्रात कायदा हवा, ही मागणी नव्वदीपासूनची. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण विधान परिषदेचा टप्पा ते पार करू शकले नाही. त्यानंतर मसुदा इतक्या वेळा छाटला गेला की मूळ लिहिणाऱ्यांनाही तो ओळखू आला नसता. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते की उद्या वारी, कीर्तन, नवससुद्धा गुन्हा ठरेल. हा आक्षेप प्रामाणिकपणे घेणारे होते, आणि तो ढाल म्हणून वापरणारेही होते. दोन्ही एकाच व्यासपीठावर बसत, त्यामुळे त्यांना वेगळे काढणे अवघड होते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, या कायद्यासाठी सर्वात जास्त झिजलेल्या कार्यकर्त्याला गोळ्या घालण्यात आल्या. चार-पाच दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. इतकी वर्षे ज्याला मुहूर्त सापडत नव्हता तो आठवड्याच्या आत सापडला.

कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. त्यातले एक भयपटवाल्यांनी फ्रेम करून लावावे असे आहे: एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, रोगराई पसरवते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे. म्हैस आटल्याचा आरोप थेट कायद्यात आला आहे, यावरून तो किती नित्याचा असेल हे कळते. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

वादाचा शब्द मात्र दुसरा आहे: प्रसार. कायदा फक्त कृत्याला नव्हे, त्याच्या प्रचार-प्रसारालाही बंदी करतो, आणि प्रसाराच्या व्याख्येत जाहिरात, साहित्य, लेख, पुस्तक आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत येते. चित्रपटाचा वेगळा उल्लेख नाही. दुसरीकडे, प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना स्पष्ट सूट आहे. मग चेटकिणीने पोराचे काळीज काढले असे दाखवणारा भयपट प्रसार करतो का? वाचून सरळ वाटते की नाही. कथा सांगणे म्हणजे आरोप करणे नव्हे. मीही त्याच मताचा आहे. पण सरळ वाटणे आणि वकिलाने लेखी देणे यात अंतर असते, आणि पाटी त्या अंतरातून येते. २०१६ मध्ये कोकणातल्या एका घराण्याच्या वाड्याभोवती फिरणारी मालिका सुरू झाली तेव्हा, ही अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते, असा आक्षेप कोकणातूनच आला. मालिका चालूच राहिली, उलट तुफान चालली.

कायद्यानंतरच्या पटकथांत एक बदल दिसतो. जिवंत चेटकीण कमी झाली. तिच्या जागी फार पूर्वी गावाने चेटकीण ठरवून मारलेली बाई आली; मरताना तिने शाप दिला आणि आता ती परतली आहे. वरवर हे मोठे शहाणपणाचे आहे. जिवंत बाईवर बोट नाही, उलट तिच्यावरचा अन्याय दाखवला, पाटीही खोटी ठरली नाही. परदेशी चित्रपटांतही हाच मार्ग फार तुडवला गेला आहे. सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फासावर दिले, जाळले कुणालाच नाही. पडद्यावर मात्र चिता पेटते आणि ज्वाळांतून शाप बाहेर पडतो. पण नीट बघा. गावाने निरपराध बाई मारली, असे पहिल्या भागात म्हणायचे, आणि मध्यंतरानंतर तिच्याकडून पोरे मारून घ्यायची. म्हणजे गावाचा आरोप शेवटी खराच करून दाखवायचा. मांत्रिक येतो, तिला बाटलीत भरतो, आपण टाळ्या वाजवतो.

याला अपवाद आहेत. उसाच्या फडातल्या एकाकी घरात गरोदर बाई अडकते असा २०१७ चा मराठी भयपट घ्या. त्यात भुते आहेत, पण भीती वाटते ती नको असलेल्या मुली मारणाऱ्या जिवंत माणसांची. चार वर्षांनी तो हिंदीत पुन्हा केला गेला.

प्रमाणपत्राच्या बाबतीत २०२१ पासून एक जास्तीची अडचण झाली. बोर्डाने कात्री लावली तर दाद मागायला वेगळे अपील न्यायाधिकरण होते, ते त्या वर्षी बंद झाले. आता थेट उच्च न्यायालय. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांसोबतच्या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. छोट्या निर्मात्याला कोर्टाची पायरी परवडत नाही, तेव्हा तो आधीच जपून लिहितो आणि पाटी एका ओळीने वाढवतो. तंबाखूचे नियम त्या मानाने फार सोपे. मांत्रिकाने चिलीम पेटवली की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात इशारा येतो आणि ती विझेपर्यंत राहतो.